बुबुळ रोपणानंतर नजर किती आणि कशी येते? अनुभव व माहिती हवी आहे

अक्षरवेल

सर्वांना नमस्कार. गेल्या गणपतीनंतर माझ्या उजव्या डोळ्यावर पुण्यात बुबुळ (कॉर्निया) रोपणाची शस्त्रक्रिया झाली. केरॅटोकोनसमुळे बुबुळ पातळ होऊन शंकूच्या आकारात पुढे आले होते, त्यातच त्याचा मागचा थर फाटून आत पाणी शिरले आणि ते ओसरल्यावर मधोमध पांढरा डाग राहिला. त्यामुळे बुबुळाचे सगळेच थर बदलावे लागले. तेव्हापासून प्रत्येक तपासणीत डॉक्टर सांगतात की ग्राफ्ट (बसवलेले बुबुळ) स्वच्छ आहे, सूज नाही, डोळ्याचा दाबही योग्य आहे. त्यांच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. मात्र मला प्रत्यक्षात जे दिसते त्याचा या अहवालाशी मेळ बसत नाही.

मी सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब सांभाळते. बिलावरचे ३ आणि ८ हे आकडे मला नुसत्या उजव्या डोळ्याने वेगळे ओळखता येत नाहीत, कारण प्रत्येक आकड्याच्या खाली, थोडी उजवीकडे, त्याचीच फिकट सावली पडलेली असते. रात्री होटगी रस्त्याने घरी येताना समोरच्या ट्रकच्या दिव्यांना लांब किरणे फुटतात आणि दोन दिव्यांमधला माणूस दिसतच नाही. उघड्या डोळ्याने ६/६० (म्हणजे निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसणारे अक्षर मला सहा मीटरवरून) आणि तपासणीच्या भिंगांनी ६/२४ इतके वाचता येते. शिवाय मागच्या खेपेचा नंबर आणि या खेपेचा नंबर यांत बराच फरक आहे.

रोपणानंतर नजर अशीच येते का, की माझ्या बाबतीत काही राहून गेले आहे? वाट पाहायची तर कशाची पाहायची? आणि डाव्या डोळ्यालाही हाच विकार आहे, थोडा कमी. त्याचा निर्णय केव्हा घ्यावा? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

नेत्रतपासनीस

ताई, मी सोलापुरातच दृष्टितपासणीचे आणि कॉन्टॅक्ट लेन्स बसवण्याचे काम करतो. निदान आणि औषध हा तुमच्या डॉक्टरांचा प्रांत आहे, त्यात मी शिरणार नाही. पण तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येण्याजोगे आहे आणि ते रुग्णांना फार क्वचित नीट सांगितले जाते, याची मला खंत वाटते.

बुबुळाकडून डोळ्याला दोन गोष्टी हव्या असतात. ते पारदर्शक असले पाहिजे आणि त्याचा बाक सगळीकडे सारखा असला पाहिजे. डोळ्याची प्रकाश एकत्र आणण्याची एकूण ताकद सुमारे ६० डायॉप्टर (भिंगाची ताकद मोजण्याचे एकक) असते आणि त्यातले सुमारे ४३ डायॉप्टर एकट्या बुबुळातून येतात, तेही मुख्यतः त्याच्या पुढच्या बाकामुळे. जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या या पडद्याच्या बाकात किंचित फरक पडला तरी अक्षर फाटते. डॉक्टर जेव्हा ग्राफ्ट स्वच्छ आहे म्हणतात तेव्हा ते पारदर्शकतेबद्दल बोलत असतात आणि ते खरेच असते. तुमची तक्रार बाकाची आहे, आणि तीही तितकीच खरी आहे.

सर्व थर बदलण्याच्या शस्त्रक्रियेत दात्याच्या बुबुळाची गोल चकती केसाहून बारीक नायलॉनच्या धाग्याने कडेने शिवतात. बहुधा सोळा टाके असतात, कधी सुटे, कधी सलग. एखादा टाका कणभर जास्त ओढला गेला की त्या दिशेचा बाक वाढतो आणि त्याच्या काटकोनातला कमी होतो. म्हणजेच सिलिंडरचा नंबर येतो. जखम भरत जाईल तसा हा ताण बदलतो, म्हणून तुमचा नंबर दर खेपेला निराळा येतो. सगळे टाके निघाल्यानंतरही तीन ते पाच डायॉप्टरचा सिलिंडर राहणे ही आमच्याकडे नित्याची गोष्ट आहे.

एक साधी चाचणी करून घ्या. बारीक भोकांची काळी पट्टी डोळ्यासमोर धरून तक्ता वाचायला सांगतात, ती. पट्टीतून तुम्हाला दोन-तीन ओळी जास्त वाचता आल्या, तर उणीव आकाराची आहे आणि ती भरून काढता येते असे समजावे. पट्टीनेही काही फरक पडला नाही, तर डॉक्टरांना डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना), मोतीबिंदू आणि डोळ्याची नस यांच्याबद्दल स्पष्ट विचारावे. त्यानंतर कॉर्नियल टोपोग्राफीचा रंगीत नकाशा काढतात. कोणत्या दिशेला बाक जास्त आहे ते त्यात दिसते आणि त्यावरून नेमका कोणता टाका काढायचा हे डॉक्टर ठरवतात.

विणकर पूर्वभाग

वरील प्रतिसाद वाचून मला आमच्या कामातली गोष्ट लगेच कळली. मागावर ताण्याचे धागे सगळीकडे सारखे ओढलेले नसतील, तर सूत कितीही उत्तम असले तरी कापडाला चुण्या पडतातच.

माझ्या आईचा अनुभव वेगळा आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तिचे बुबुळ सुजले आणि उतरेना. आमच्या पूर्व भागातले बहुतेक जण नात्यागोत्यामुळे हैदराबाद गाठतात, त्याप्रमाणे आम्हीही गेलो. तेथे तिचे पूर्ण बुबुळ न बदलता केवळ आतला थर बदलला. शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात हवेचा बुडबुडा ठेवलेला होता आणि तो वरच्या दिशेने नवा थर दाबून धरतो म्हणून तिला उताणे झोपवून ठेवले होते. आईला पाठीचे दुखणे आहे, त्यामुळे तो काळ तिला अवघड गेला. पण काही आठवड्यांतच ती देवघरातल्या तसबिरीतले चेहरे ओळखू लागली. बुबुळावर टाके जवळपास नव्हतेच. अजून तिला बारीक छपाई वाचताना पुसट पडदा असल्यासारखे वाटते, हेही सांगितले पाहिजे.

आईला इतक्या लवकर दिसू लागले आणि ताईंना इतका वेळ लागतो आहे, हा फरक शस्त्रक्रियेच्या प्रकारामुळेच आहे ना? की आणखी काही कारण असते?

हिप्परगा

मी नेत्रविभागात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. होय, फरक मुख्यतः प्रकाराचा आहे. बुबुळाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो आणि तो बुबुळातले पाणी सतत बाहेर उपसून त्याला पारदर्शक ठेवतो. या पेशी माणसात पुन्हा नव्याने तयार होत नाहीत. तरुणपणी त्या दर चौरस मिलिमीटरला अडीच ते तीन हजार असतात आणि वयाबरोबर, तसेच डोळ्याच्या आतल्या शस्त्रक्रियांमुळे, घटत जातात. काकूंचा दोष याच थरात होता, पुढचा बाक शाबूत होता. त्यामुळे तेवढाच थर बदलला की बाक बिघडत नाही आणि नजर लवकर स्थिरावते. त्यांना जाणवणारा पुसटपणा बहुधा जुन्या आणि नव्या थरांच्या सांध्यावरचा असावा. नव्या थराबरोबर दात्याच्या मधल्या थराचा पातळ पापुद्राही बसवला असेल, तर तो अधिक जाणवतो. नेदरलँड्सचे गेरिट मेलेस यांनी २००६ साली केवळ मागचा पडदा आणि त्यावरच्या पेशी बसवण्याची डीमेक ही पद्धत मांडली, तिच्यात हा पापुद्रा नसतो. म्हणून नजरेचा दर्जा अधिक चांगला मिळतो आणि शरीराने ग्राफ्ट नाकारण्याचे प्रमाणही कमी राहते. मात्र तो पडदा अत्यंत नाजूक असतो, सुटून येऊ शकतो आणि मग पुन्हा हवा भरावी लागते.

ताईंच्या डोळ्यात याच्या उलट स्थिती होती. त्यांचा पुढचा आकारच बिघडलेला होता आणि वर डाग होता. केरॅटोकोनसमध्ये मागचा थर निरोगी असेल तर तो रुग्णाचा स्वतःचाच राखून पुढचे थर बदलतात. पण तो फाटून डाग पडल्यावर हा मार्ग अनेकदा बंद होतो. एदुआर्द त्सिर्म यांनी डिसेंबर १९०५ मध्ये ओलोमोउत्स येथे पहिले यशस्वी बुबुळ रोपण केले तेव्हापासून सर्व थर बदलण्याची ही पद्धत चालत आली आहे, आणि अशा डोळ्यांसाठी आजही तीच लागते. तिच्यातला टाक्यांचा प्रश्न अजून पूर्णपणे सुटलेला नाही.

सीनाकाठ

मी मोहोळकडचा शेतकरी आहे. उसाचे पाचट काढताना पाते डोळ्याला लागले, बुरशीचा संसर्ग झाला, औषधाने आटोक्यात येईना आणि बुबुळाला भोक पडण्याची वेळ आली तेव्हा रोपण करावे लागले. डॉक्टरांनी आधीच सांगितले होते की ही शस्त्रक्रिया डोळा वाचवण्यासाठी आहे, नजर किती येईल ते नंतर पाहू. आज मला त्या डोळ्याने ६/३६ दिसते. बांधावरून चालताना अंदाज चुकत नाही, मोटारीच्या स्टार्टरवरचे दिवे कळतात, मात्र बाजार समितीची पावती वाचता येत नाही.

येथे येणाऱ्या शेतकरी वाचकांना माझे कळकळीचे सांगणे आहे. उसाचे पाते असो वा शाळूच्या काढणीत उडालेले कूस असो, डोळ्याला लागल्यावर मेडिकलमधून कुठलेही थेंब आणून घालू नका. स्टेरॉइड असलेल्या थेंबांनी लाली आणि दुखणे तात्पुरते दबते, आणि बुरशी आतल्या आत वाढत राहते. त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडे जा.

माझा प्रश्न असा आहे. मला मिळालेले बुबुळ एका वृद्ध दात्याचे होते, एवढेच मला कळले होते. गावातले लोक म्हणतात, म्हाताऱ्या माणसाचा डोळा बसवला म्हणून तुला कमी दिसते. यात काही तथ्य आहे का?

हिप्परगा

दादा, तुमच्या नजरेचे कारण ते नव्हे. अमेरिकेत याच प्रश्नावर मोठा अभ्यास झाला आणि २००८ साली त्याचे पाच वर्षांचे निष्कर्ष आले. १२ ते ६५ वयाच्या दात्यांची बुबुळे आणि ६६ ते ७५ वयाच्या दात्यांची बुबुळे, दोन्ही गटांत पाच वर्षांनी टिकून राहिलेल्या ग्राफ्टचे प्रमाण ८६ टक्के, म्हणजे समान होते. दहा वर्षांनंतर ते अनुक्रमे ७७ आणि ७१ टक्के होते. हे रुग्ण मुख्यतः आतल्या थराच्या विकाराचे होते, तुमच्यासारख्या संसर्गाचे नव्हते, हे ध्यानात ठेवावे. तरी दात्याच्या वयाविषयीचा मुद्दा त्यातून स्पष्ट होतो. दात्याच्या बुबुळातल्या पेशी नेत्रपेढीत सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या जातात आणि त्यावरून ते कोणत्या शस्त्रक्रियेला योग्य आहे हे ठरते. दात्याला चष्मा होता, मधुमेह होता किंवा त्याचा मोतीबिंदू काढलेला होता, यानेही दान नाकारले जात नाही.

तुमच्या बाबतीत संसर्गग्रस्त भाग पूर्ण काढण्यासाठी चकती मोठी घ्यावी लागली असणार, त्यामुळे ती बुबुळाच्या कडेच्या रक्तवाहिन्यांजवळ गेली असेल आणि लाल, सुजलेल्या डोळ्यातच शस्त्रक्रिया झाली असेल. निरोगी बुबुळात रक्तवाहिन्या नसतात, म्हणूनच परक्याचे बुबुळ शरीर बऱ्याच अंशी खपवून घेते. त्या आत शिरल्या की ही सवलत कमी होते. तुमचा ग्राफ्ट टिकून आहे आणि ६/३६ दिसते, हा माझ्या दृष्टीने चांगला निकाल आहे. त्या दात्याच्या कुटुंबाबद्दल गावात कोणी असे बोलले, तर कृपया त्यांना हे सांगा.

तुळजापूर वेस

मी साठी ओलांडलेला गृहस्थ आहे आणि माझ्या दोन्ही डोळ्यांवर तरुणपणीच केरॅटोकोनससाठी रोपण झाले आहे. तक्त्यावर मी लेन्स लावून ६/९ पर्यंत वाचतो. पण तक्ता म्हणजे पांढऱ्या उजेडावरची ठळक काळी अक्षरे. व्यवहारात तशी अक्षरे कितीशी वाट्याला येतात? सायंकाळी फिकट रंगाची पायरी आणि फिकट फरशी एकच वाटतात. गड्ड्याच्या यात्रेत दिव्यांच्या रोषणाईकडे पाहिले की प्रत्येक दिव्याभोवती कडे दिसते. ६/९ म्हणजे सगळे उत्तम, असा समज घरच्यांचा होतो आणि मग रुग्णाला आपलीच तक्रार खोटी वाटू लागते. अक्षरवेल, तुम्हाला दिसणारी सावली हा भास नव्हे. डॉक्टरांना ती कागदावर काढून दाखवा, कोणत्या दिशेला पडते ते सांगा. माझ्या डॉक्टरांना अशा चित्राचा उपयोग झाला होता.

दुसरी बाब मी आग्रहाने सांगतो. अनेक वर्षे काहीही त्रास नसताना माझा डावा डोळा एका सकाळी लाल झाला, उजेड सहन होईना आणि घड्याळ धूसर दिसू लागले. धूळ गेली असेल असे सगळे म्हणाले. मी त्याच दिवशी गाडी पकडून गेलो. शरीराने ग्राफ्ट नाकारायला सुरुवात केली होती. वेळीच उपचार झाल्यामुळे ग्राफ्ट वाचला. लाली, उजेडाचा त्रास, नजर उतरणे आणि दुखणे, यांतले एक जरी लक्षण दिसले तरी सोमवारची वाट पाहू नये, मग शस्त्रक्रियेला कितीही वर्षे झालेली असोत. तसेच जखमेची ती गोल रेघ मूळ बुबुळाइतकी मजबूत कधीच होत नाही. मी आजही दुचाकीवर हेल्मेटची काच खाली ठेवतो, रंगपंचमीला आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दाटीत संरक्षक चष्मा घालतो.

डाव्या डोळ्याबद्दल माझे मत असे की तोही लवकर उरकून घ्यावा. दोन्ही डोळे एका पातळीवर आले की मेंदूला सोपे जाते.

नेत्रतपासनीस

काका, आपल्या अनुभवाचा पूर्ण आदर राखून शेवटच्या मुद्द्याशी मी असहमत आहे. आपली शस्त्रक्रिया झाली तेव्हा पर्याय फार थोडे होते. आज केरॅटोकोनस वाढत असेल तर थेंब आणि अतिनील किरणांच्या उपचाराने, ज्याला सगळे सी-थ्री-आर म्हणतात, तो बहुतांश रुग्णांत थांबवता येतो. आणि डाग नसलेल्या डोळ्यात योग्य लेन्सने अनेकदा रोपणाहून चांगली नजर मिळते. लेन्सने काम चालत असताना डाव्या डोळ्यावर टाक्यांचा हाच प्रवास लादण्याची घाई का करावी? ताईंनी डावा डोळा वाढतो आहे की थांबला आहे, हे टोपोग्राफीच्या जुन्या आणि नव्या नकाशांची तुलना करून आधी विचारावे. आणि डोळे चोळणे कटाक्षाने टाळावे, दोन्हीही.

अक्षरवेल

सर्वांचे मनापासून आभार. सावलीचे चित्र काढून ठेवले आहे. लेन्सबद्दल थोडे अधिक विचारते. आमच्या कारखान्यात सुताचा भुरका सतत उडत असतो आणि एप्रिल-मे महिन्यांत चाळीस अंशांच्या वर तापमान जाते. अशा ठिकाणी रोपण झालेल्या डोळ्यात लेन्स चालते का? टाके असतानाही घालता येते का?

नेत्रतपासनीस

चष्म्याचे भिंग नियमित सिलिंडर दुरुस्त करते, पण पृष्ठभागाचा वेडावाकडा उंचसखलपणा त्याच्या आवाक्यात येत नाही, आणि तुमची सावली त्यातूनच येते. कडक लेन्स बुबुळासमोर स्वतःचा गुळगुळीत बाक उभा करते आणि मधली पोकळी डोळ्यातल्या पाण्याने भरून निघते. आपल्याकडे जिला सेमीसॉफ्ट म्हणतात ती लहान लेन्स बुबुळावर बसते; तिच्याखाली भुरका गेला तर खूप टोचते. तुमच्या कामाच्या जागी मोठी स्क्लेरल लेन्स अधिक योग्य ठरावी. ती साधारण १५ ते १८ मिलिमीटर व्यासाची असते, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते आणि बुबुळाला स्पर्श करत नाही. घालताना ती वाटीसारखी उताणी धरून प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या सलाइनने काठोकाठ भरायची, मान खाली घालून डोळा तिच्यावर टेकवायचा. आत बुडबुडा राहिला तर काढून पुन्हा. नळाचे किंवा बोअरचे पाणी लेन्सला कधीही लावू नये, त्यातल्या अकँथामीबा या जंतूने होणारा संसर्ग अतिशय चिवट असतो.

ग्राफ्टवर लेन्स घालण्याआधी आतल्या पेशींची मोजणी करून घ्यावी. लेन्सखाली बुबुळाला प्राणवायू कमी मिळतो आणि पेशी कमी असतील तर सूज येते. सकाळी स्पष्ट आणि सायंकाळी धुक्यातून पाहिल्यासारखे दिसू लागले, तर लेन्स काढून डॉक्टरांना दाखवावे. टाके असताना लेन्स घालण्याचा निर्णय केवळ शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा असतो. बहुतेक जण महत्त्वाचे टाके निघेपर्यंत थांबायला सांगतात. आणि अचानक डोळ्यात कचरा गेल्यासारखे सतत खुपू लागले तर तो सैल झालेला टाका असू शकतो. त्याच्या वाटेने जंतू आत जातात, म्हणून तो लगेच काढावा लागतो.

विणकर पूर्वभाग

थेंबांबद्दल एक निरीक्षण. आईचे प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे थेंब दुधट रंगाचे असतात आणि औषध तळाला बसते. शिशी नीट हलवल्याशिवाय टाकले तर नुसते पाणीच डोळ्यात जाते, हे आम्हाला तेथल्या परिचारिकेने हातात शिशी घेऊन दाखवले. ती थेंबांची मात्रा हळूहळू कमी करत न्यायची असते, स्वतःच्या मनाने बंद करायची नसते. याच थेंबांनी डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, म्हणून दर खेपेला दाब मोजूनच आम्ही निघतो. काचबिंदूने गेलेली नजर नव्या बुबुळानेही परत येत नाही, असे आम्हाला स्पष्ट सांगितले होते.

अक्षरवेल

कालच पुण्याहून तपासणी करून आले. काळ्या पट्टीतून ६/१२ वाचता आले. टोपोग्राफीत एका दिशेला बाक फारच जास्त दिसला, तेव्हा डॉक्टरांनी थेंबाने डोळा बधिर करून त्या दिशेचे दोन टाके तिथेच, यंत्रासमोर बसवूनच, काढले. सावली अजून आहे, पण आज ती आकड्याच्या अधिक जवळ आली आहे. बाकीचे टाके वर्ष-दीड वर्ष पूर्ण होईपर्यंत टप्प्याटप्प्याने काढू असे ते म्हणाले. डावा डोळा गेल्या दोन नकाशांत बदललेला नाही, म्हणून तूर्त लेन्स आणि सहा महिन्यांनी पुन्हा नकाशा, असे ठरले आहे. आता नव्या नंबरचा चष्मा करून घ्यावा का?

नेत्रतपासनीस

अजून नको. टाका काढल्यावर बाक काही आठवडे सरकत राहतो, आणि पुढचे टाके निघाले की पुन्हा बदलेल. कामासाठी हवाच असेल तर साध्या, स्वस्त काचा बसवून घ्या, महागडे कोटिंग नको. टाके काढल्यानंतर दिलेले प्रतिजैविकाचे थेंब सांगितलेल्या मुदतीपर्यंत टाका, आणि कालच्या नकाशाची छापील प्रत मागून घेतली नसेल तर फोन करून मागवून घ्या. लेन्स बसवायची वेळ येईल तेव्हा मला किंवा जो कोणी बसवेल त्याला शस्त्रक्रियेपासूनचे सगळे नकाशे क्रमाने लावलेले लागतील.